ओळंब्याची दोरी

आमच्या ह्यांचं नाव गुरुनाथ. एकदाच सांगते, कारण लग्नातल्या उखाण्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांत मी ते तोंडाने घेतलेलं नाही आणि आता सत्तरी उलटल्यावर नवी सवय लावून घ्यायची माझी तयारी नाही. हे पाटबंधारे खात्यात होते, सांगली भागात, कालव्यांच्या कामावर. चौतीस वर्षं ह्यांनी मुख्यतः एकच गोष्ट केली. डावा डोळा मिटायचा, उजव्याने रोखून बघायचं आणि समोरची भिंत सरळ आहे की वाकडी ते सांगायचं. रिटायर झाल्यावर भिंती संपल्या, म्हणून घरातल्या वस्तू सुरू झाल्या. भिंतीवरचं घड्याळ, पडद्याची दांडी, मी कापलेल्या वड्या. मी वड्या पाडत असताना हा माणूस मागे एक डोळा मिटून उभा राहिला की सुरी ह्यांच्याच दिशेने वळवावीशी वाटे.

राग यायचा तो ह्यांचं कधी चुकायचं नाही म्हणून. केदार, आमचा मुलगा, दुसरीत असताना सुट्टीत ह्यांच्याबरोबर साइटवर गेला होता. नव्या बांधलेल्या एका भिंतीसमोर हे थांबले, डोळा मिटला आणि म्हणाले, "पोट आलंय हिला." कंत्राटदार हसला. मग ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, वरून सोडला, तर भिंत मधोमध दीड इंच बाहेर आलेली. ती उतरवून परत बांधावी लागली. त्या दिवशी केदारच्या डोक्यात जे बसलं ते आज तो पंचेचाळिशीला आला, इकडे अमेरिकेत स्थिरावला, तरी तसूभर हललेलं नाही. बाबा वाकडं म्हणाले म्हणजे ते वाकडंच.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं केदारकडे कॅरी गावात राहायला आलो. निघताना सामानाचं वजन अगदी काठावर आलं, तेव्हा ह्यांनी माझं पुरणयंत्र बॅगेतून काढलं आणि त्या जागी आपला पितळी ओळंबा ठेवला. इथे उतरल्यावर विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि हे काय, म्हणून विचारलं. ह्यांनी त्याला उभ्या उभ्या ओळंबा कसा वापरतात ते शिकवलं. मागे शंभर माणसांची रांग. पुरणयंत्राचा राग माझ्या मनात अजून आहे, पण ह्या गोष्टीत तो ओळंबा लागणार आहे, म्हणून आत्ता गप्प बसते.

मागच्या वर्षी आमची सून कादंबरी ह्यांना डोळे तपासायला घेऊन गेली. मीही बरोबर होते. डॉक्टर होत्या हॉलंड म्हणून एक बाई, शांत, हळू बोलणाऱ्या. त्यांनी ह्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो स्क्रीनवर दाखवला. नारिंगी ताटलीत चिमूटभर रवा सांडावा तसे पिवळट कण दिसत होते, दोन्ही डोळ्यांत. त्यांना ड्रूसेन म्हणतात, असं बाई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मला काही कळलं नाही. नीट सांगा."

"गाळ," हे म्हणाले.

"काय गाळ?"

"डोळ्याच्या पडद्यात रोज कचरा तयार होतो. त्याच्या खालचा थर तो वाहून नेतो. वय झालं की वाहून नेणं मंदावतं, मग पडद्याखाली गाळ बसायला लागतो. माझ्या डोळ्यांत बसलाय."

"मग काढा म्हणावं तो."

"काढता येत नाही. लक्ष ठेवायचं. गाळ बसला म्हणून कालवा लगेच बंद पडत नाही. कित्येकांचा शेवटपर्यंत वाहतो. पण काही ठिकाणी अस्तर कमकुवत होतं आणि खालून पाझर सुटतो. तसं झालं तर मात्र धावपळ करायची."

कादंबरी गाडी चालवता चालवता म्हणाली, "बाबा, तुम्ही डॉक्टरांपेक्षा क्लिअर सांगितलंत." तेव्हा हे इतके खूश झाले की आजार झालाय हेच आम्ही सगळे विसरून गेलो.

पाझर म्हणजे काय, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाणी झिरपतं. पडदा त्या जागी उचलला जातो, आणि मग सरळ रेषा वाकड्या दिसायला लागतात. ती खूण. तसं दिसलं की त्याच दिवशी फोन करायचा, वाट बघायची नाही. त्यासाठी त्यांनी एक कागद दिला. त्यावर चौकटी चौकटींची जाळी, मधोमध एक ठिपका, आणि खाली चार ओळींच्या सूचना. रोज सकाळी ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा सरळ आहेत ना ते तपासायचं. शिवाय रोज दोन गोळ्या.

घरी येऊन तो कागद फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे त्याच्यासमोर उभे राहिले, डोळा मिटला आणि म्हणाले, "ही झेरॉक्स वाकडी आहे."

मी घाईने केदारला हाक मारली. केदारने पट्टी लावून बघितली, तर खरंच झेरॉक्स वाकडी निघाली. मशीनमध्ये कागद तिरपा गेला असणार, एका बाजूच्या रेषा जराशा कलल्या होत्या. केदार हसून म्हणाला, "आई, बाबांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, यार." मलाही तसंच वाटलं. ह्यांनी तो कागद सरळ केराच्या पेटीत टाकला, जाड कागद घेतला, आपली जुनी शाईची पेनं काढली आणि एका दुपारी स्वतः जाळी काढली. इतकी सुरेख, की आमची नात अनिका म्हणाली, "आजोबा, धिस लुक्स प्रिंटेड." रेषा सगळ्या उतरल्या. खालच्या चार ओळी मात्र उतरल्या नाहीत. मजकूर हा ह्यांच्या लेखी कारकुनाचं काम.

त्या चार ओळींत पहिलीच ओळ होती, की एका वेळी एकच डोळा, दुसरा झाकून. डॉक्टर तोंडाने बोलल्या होत्या तेही. ह्यांनी ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं. आणि दोघंही विसरलो.

वर्षभर ह्यांनी सकाळी चहाचा कप हातात घेऊन, दोन्ही डोळे उघडे ठेवून, त्या जाळीसमोर उभं राहायचं. "एकदम सरळ," असं म्हणायचं आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. आता विचार करते तेव्हा कळतं, की ते डोळे तपासतच नव्हते. आपलं ड्रॉइंग बघत होते. स्वतःच्या हातच्या रेषेला कोण एक डोळा मिटून तपासतो?

ह्या उन्हाळ्यात केदारचं नवं घर तयार झालं. आमच्या भाड्याच्या टाउनहाउसपासून दहा मिनिटांवर, पाइनची झाडं तोडून जी वसाहत झाली तिच्यात. शुक्रवारी क्लोजिंग, म्हणजे सह्या करायच्या आणि किल्ल्या घ्यायच्या. त्याआधी मंगळवारी घर बघून घ्यायचं होतं. इथे अशी पद्धत आहे, की बिल्डरचा माणूस तुमच्या हातात निळ्या चिकटपट्टीचं रीळ देतो. घरभर फिरायचं, जिथे काही खोट दिसेल तिथे पट्टी चिकटवायची, आणि किल्ल्या देण्याआधी तो ते दुरुस्त करतो. ह्यांच्यासाठी ह्याहून मोठा सण नव्हता. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

बिल्डरचा माणूस ट्रेंट, तिशीचा, डोक्यावर टोपी, प्रत्येक वाक्याला 'सर' आणि 'मॅम'. त्याने ह्यांना रीळ दिलं. हे दारातच थांबले. डावा डोळा मिटला.

"चौकटीला पोट आलंय," म्हणाले आणि पहिली पट्टी लावली.

पुढे खिडकी. पोट. जिन्याचा खांब. पोट. स्वयंपाकघरातल्या कपाटाची कड, बाथरूमचं दार, मागच्या दाराची चौकट. एका तासात तेवीस पट्ट्या झाल्या. केदारचा चेहरा उतरत गेला. ट्रेंटने सहा फुटी लेव्हल आणली आणि चौकटीला उभी लावली. आतला बुडबुडा मधोमध, म्हणजे चौकट सरळ. हे त्याला म्हणाले, तुझी लेव्हल खराब आहे. त्याने गाडीतून दुसरी आणली. बुडबुडा परत मधोमध. ह्यांनी नुसती मान हलवली. ती मान मी ओळखते. जगातल्या सगळ्या लेव्हली खराब असू शकतात, असा तिचा अर्थ.

"आजोबा, इट लुक्स स्ट्रेट टु मी," अनिका म्हणाली.

"तुला अजून सवय नाही बाळा," हे म्हणाले.

मलाही दार सरळच दिसत होतं. पण अठ्ठेचाळीस वर्षांत सरळ-वाकड्याच्या बाबतीत मला कोणी काही विचारलेलं नाही, म्हणून मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. बसल्या बसल्या त्या पट्ट्यांकडे बघत होते. आणि मग एक गोष्ट दिसली, ती दिसल्यावर मला बसवेना.

सगळ्या पट्ट्या एका उंचीवर होत्या. दारावर, खिडकीवर, खांबावर, कपाटावर, कोणी आडवी दोरी ताणून लावाव्यात तशा एका रेषेत. घर वाकडं बांधलेलं असेल तर एक चौकट वर वाकेल, एक खाली वाकेल. सगळ्या चौकटी बरोबर ह्यांच्या डोळ्यांसमोरच कशा वाकतील? फक्त कोठीच्या दाराची एक पट्टी खाली होती, गुडघ्याइतकी. बाकी बावीस पट्ट्या ह्यांच्या नजरेच्या उंचीवर होत्या.

गाळ, पाझर, सरळ रेषा वाकड्या. कादंबरीच्या गाडीत ऐकलेलं सगळं मला एकदम आठवलं.

घरी परतताना केदार म्हणाला, "बाबा, तुम्ही श्युअर आहात ना?"

"तू मला विचारतोस?"

"नाही, म्हणजे, मग मी एजंटला फोन करतो. क्लोजिंग पोस्टपोन करू. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणू."

"केदार, एकतीसला आपलं लीज संपतंय," कादंबरी म्हणाली. तिचा आवाज अगदी बेताचा होता, म्हणजे ती फार चिडली होती. "अनिकाची शाळा त्या घराच्या ॲड्रेसवर रजिस्टर केलीये. लेव्हल दोनदा लावून दाखवली त्याने."

"बाबांनी आयुष्यभर हेच काम केलंय."

"मला माहीत आहे रे. पण मग राहायचं कुठे आपण?"

मागच्या सीटवर मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते, दोन्ही डोळ्यांनी, अगदी शांतपणे. दोन्ही डोळ्यांनी ह्यांना सगळं सरळ दिसत होतं. डावा डोळा उजव्याचं सांभाळून घेत होता, जसं मी ह्यांचं घेते.

घरी सगळीकडे खोकी भरून ठेवलेली. मी चहा केला आणि ह्यांच्यासमोर बसले.

"अहो, डोळा तर नाही ना काही?"

"कोणाचा?"

"तुमचा. उजवा."

ह्यांनी कप खाली ठेवला. "सुमित्रा, रोज सकाळी मी चार्ट बघतो. आजही बघितला. एकदम सरळ."

मी सरळ भांडू शकले असते. पट्ट्या एका उंचीवर आहेत, हे सांगू शकले असते. पण ज्या माणसाने दोन लेव्हली खोट्या ठरवल्या तो बायकोचं काय ऐकणार? जगात एकच गोष्ट होती जिच्यापुढे हे मान तुकवतात. चार वर्षं जिला मी शिव्या घालत आले, ती खोक्यातून काढली आणि टेबलावर ठेवली.

"मग उद्या हा लावून बघा," मी म्हटलं. "लेव्हलवर तुमचा विश्वास नाही ना? हा तर तुमचा स्वतःचा."

ओळंबा बघून ह्यांचा चेहरा उजळला. "आता कसं बोललीस! ट्रेंटच्या समोर लावतो." मग केदारला हाक मारून म्हणाले, "एजंटला उद्या दुपारी फोन कर. सकाळी मी पुरावा देतो."

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी जे मागितलं ते आजवर कोणत्याच सासूने मागितलं नसेल. देवा, माझ्या मुलाचं नवं घर वाकडं निघू दे, म्हटलं. सगळं घर वाकडं निघू दे. क्लोजिंग मोडू दे, खोक्यांसकट रस्त्यावर येऊ दे आम्हांला. पण दार वाकडं असू दे.

बुधवारी सकाळी आम्ही तिघंच गेलो, हे, मी आणि केदार. ट्रेंट आला होता. ह्यांनी खुर्ची मागितली, पण केदारने चढू दिलं नाही. त्यानेच पुढच्या दाराच्या चौकटीला वर खिळा मारला आणि दोरी बांधली. पितळी ओळंबा खाली आला, थोडा झुलला, गोल फिरला. हे थांबले. ओळंबा स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो, घाई करायची नाही, हे ह्यांनी ट्रेंटला इंग्रजीत समजावलं. ट्रेंट हात बांधून, मान हलवत ऐकत होता. चांगला पोरगा.

ओळंबा थांबला. हे चार पावलं मागे गेले. डावा डोळा मिटला.

मी चौकटीकडे बघत नव्हते. ह्यांच्याकडे बघत होते.

आधी ह्यांच्या तोंडावर ते नेहमीचं हसू आलं. मग ते तसंच राहिलं आणि त्याच्यामागचा माणूस निघून गेल्यासारखा झाला. हे पुढे गेले. दोरीला हात लावला. दोन बोटांत धरून वरून खालपर्यंत बोटं नेली. परत मागे आले, परत डोळा मिटला. मग एक गोष्ट केली जी मी ह्यांना आयुष्यात कधी करताना बघितली नव्हती. उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं. परत उजवा. परत डावा.

"बाबा?" केदार म्हणाला.

हे माझ्याकडे वळले. आवाज अगदी साधा होता.

"सुमित्रा, दोरीला पोट आलंय."

भिंत वाकडी बांधता येते, चौकट वाकडी बसते, लेव्हल बिघडते. टांगलेला ओळंबा वाकडा होत नाही. हे ह्या माणसाहून जास्त कोणाला माहीत होतं?

केदारला अजून कळलं नव्हतं. "म्हणजे दोरी चेंज करू का?"

"दोरी चांगली आहे," हे म्हणाले. "माझ्या डोळ्यात पाझर सुटलाय. तू डॉक्टरांना फोन लाव. आजच्या आज यायला सांगितलं होतं त्यांनी."

केदार फोन घेऊन बाहेर धावला. हे आत गेले आणि एक एक करून निळ्या पट्ट्या काढायला लागले. ट्रेंट म्हणाला, राहू द्या सर, मी काढतो. ह्यांनी ऐकलं नाही. मी लावल्या, मी काढतो, म्हणाले. चौकटीवरची काढली, खिडकीची काढली, जिन्याची काढली. निळा बोळा हातात मोठा होत गेला. मी मागे मागे फिरत होते आणि मला ह्यांचा इतका राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त, की दोन्ही हातांनी ह्यांना धरून हलवावं असं वाटत होतं. तसं काही न करता मी बोळा धरला.

बावीस पट्ट्या झाल्या. कोठीच्या दाराशी आल्यावर हे खाली बसले, गुडघ्याशी लावलेल्या त्या तेविसाव्या पट्टीसमोर. काढायला हात पुढे केला आणि थांबले. उजवा डोळा मिटून डाव्याने बघितलं. मग बिजागरीवरून बोट फिरवलं.

"हे खरंच वाकडं आहे," म्हणाले. "काल हाताने कळलं होतं."

ट्रेंटने लेव्हल लावली. बुडबुडा एका कडेला गेला. ट्रेंटने टोपी काढली आणि म्हणाला, "येस सर. दॅट वन इज ऑन मी."

हे त्याला म्हणाले, "थँक यू." इतकं मनापासून कोणाला थँक यू म्हणताना मी ह्यांना ऐकलं नव्हतं.

दोन तासांनी आम्ही क्लिनिकमध्ये होतो. कादंबरी ऑफिसमधून परस्पर आली. डॉक्टर हॉलंडनी नवा स्कॅन स्क्रीनवर लावला. पडदा आडवा कापून दाखवावा तसा थरांचा फोटो होता. गाळाचे छोटे उंचवटे वर्षापूर्वीही होते. पण उजव्या डोळ्यात मधोमध आता एक काळा फुगवटा होता, आणि त्याच्यावर पडदा उचलला गेला होता. ते पाणी. बाईंना सांगावं लागलं नाही, आम्हांला दिसलं.

मग त्यांनी विचारलं, घरी प्रत्येक डोळा वेगळा तपासत होता ना?

शाळेत गृहपाठ न केलेली दोन मुलं उभी राहावीत तसे आम्ही बसलो होतो. शेवटी ह्यांनी जाळीची सगळी हकीकत सांगितली, तिरपी झेरॉक्स, शाईचं पेन, केराची पेटी. पुढे ओळंब्याचीही सांगितली. बाई म्हणाल्या, पेशंट मला सांगतात की टाइल्स वाकड्या दिसतात, पडदे वाकडे दिसतात. ओळंबा लावून आलेले तुम्ही पहिले.

ह्यांनी विचारलं, नजर परत येईल का?

बाई शब्द द्यायला तयार नव्हत्या. काहींची बरीच परत येते, काहींची आहे तिथे थांबते, म्हणाल्या. पण तसंच सोडलं असतं तर तिथे व्रण होऊन मधलं दिसणं कायमचं गेलं असतं, आणि तुम्ही कदाचित काही आठवडे उशीर केलाय, महिने नाही. डाव्या डोळ्यात गाळ आहे, पाझर नाही. डाव्याला जपायचं.

मग डोळ्यात इंजेक्शन दिलं. डोळ्यात. मी बाहेर बसणार होते, पण ह्यांनी माझा हात सोडला नाही, म्हणून आत थांबले आणि पूर्ण वेळ भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे बघितलं. आधी थेंब घालून डोळा बधिर केला होता. हे म्हणाले, दुखलं नाही, नुसतं दाबल्यासारखं वाटलं. माझ्या हातावर मात्र ह्यांच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होते.

शुक्रवारी केदार-कादंबरीने सह्या केल्या आणि किल्ल्या आणल्या. कादंबरी सरळ ह्यांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बाबा, सॉरी, मी मनातून खूप चिडले होते तुमच्यावर." हे म्हणाले, "बरोबरच होतं तुझं. लेव्हल खरं सांगत होती." मी दारात उभी होते. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

नव्या घरात फ्रिजवर नवी जाळी आहे. ह्यांनीच काढली, आणि ह्या वेळी खाली मजकूरही लिहिला, सुवाच्य अक्षरात. 'एका वेळी एक डोळा. दुसरा झाकणे.' झाकायचं काम माझ्याकडे आहे. ह्यांच्यावर माझा विश्वास नाही, म्हणून रोज सकाळी मी मागे उभी राहून आधी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवते, मग डाव्यावर. डावा झाकला की रेषांना बाक आहे का ते हे थोडं थांबून सांगतात. पहिल्या महिन्यात "आहे" म्हणायचे. दुसऱ्या इंजेक्शननंतर "आहे, पण कमी." तिसरं इंजेक्शन ऑक्टोबरात झालं. त्यानंतरही "आहे, पण कमी"च चाललंय. बाई म्हणाल्या, पाणी बरंच आटलंय, पण एवढा बाक राहील कदाचित.

परवा रविवारी देवघराची फळी लावायची होती. केदार ड्रिल घेऊन उभा, अनिका स्क्रू धरून. हे नेहमीप्रमाणे मागे चार पावलांवर. मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते. मला वाटलं, आता डोळा मिटतील आणि निकाल येईल.

निकाल आला नाही. ह्यांनी हाक मारली.

"सुमित्रा, जरा इकडे ये. फळी सरळ आहे का गं?"

मला आधी वाटलं, दुसऱ्या कोणाला विचारताहेत. मग हात पुसत गेले आणि ह्यांच्या शेजारी उभी राहिले. नकळत माझा डावा डोळा मिटला गेला.

"डावी बाजू जराशी खाली आहे," मी म्हटलं.

"केदार, डावी वर घे," हे म्हणाले. हुज्जत नाही, मान हलवणं नाही, काही नाही. "आता?"

"अजून किंचित."

"घे रे अजून किंचित. आता?"

मला रडू आलं. अठ्ठेचाळीस वर्षं मी वाट बघत होते, की ह्या माणसाने एकदा तरी मला असं विचारावं. आणि विचारलं तेव्हा वाटलं, विचारायची वेळ ह्यांच्यावर यायला नको होती. पण हे थांबले होते, माझ्याकडे बघत, म्हणून मी पदराने डोळे पुसले आणि परत नीट बघितलं.

"आता सरळ आहे," मी म्हटलं, आणि ती खरंच सरळ होती.